घरच्या हौदाचे पाणी कोमट करताना

कोकणपट्टीत राहणाऱ्या माणसाने थंडीची तक्रार करावी, हे घाटावरच्या वाचकांस मोठे गमतीचे वाटेल. नगर-नाशिककडे पौषाच्या पहाटे गार पाण्याचा तांब्या अंगावर घेणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस नव्या मुंबईचा हिवाळा हा केवळ पंचांगातील हिवाळा वाटावा, ह्यात नवल नाही. मुंबईस सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. वृद्ध मंडळी त्याची आठवण अजून काढतात, ती तो अपवाद होता म्हणूनच. तथापि हवेचा गारवा आणि पाण्याचा गारवा ह्या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. तेवीस अंशांच्या हवेत आपण सदरा काढून सुखाने वर्तमानपत्र वाचीत बसतो; तेवीस अंशांच्या पाण्यात पाव तास उभे राहिले तर धडधाकट तरुणाचेही दात वाजू लागतात. उष्णता वाहून नेण्याच्या कामी पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट आहे, त्याचा हा परिणाम. मग ज्याचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि अंगावर मांस म्हणून उरलेले नाही, त्याची गोष्ट काय सांगावी?

ही गोष्ट आमच्या थोरल्या काकांची आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. बेलापूरला पारसिक टेकडीवर आमच्या चुलतबंधूंचा, म्हणजे दादांचा बंगला आहे आणि त्याच्या मागील अंगणात मुलांसाठी बांधविलेला पोहण्याचा एक लहान हौद आहे. हौद कसला, सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटरास थोडा कमी इतका खोल असा डोहच तो. डॉक्टरांनी सांगितले की, काकांनी छातीइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चालावे. पाण्यात देहाचा भार हलका होतो व सांध्यास त्रास न होता स्नायूंस काम मिळते. सल्ला उत्तम होता. मार्गशीर्षातील एका सकाळी काका मोठ्या उत्साहाने पायऱ्या उतरले आणि चौथ्या मिनिटास निळे ओठ घेऊन वर आले. त्यानंतर त्यांनी हौदाकडे पाठ फिरविली ती फिरविलीच. "तरुणपणी पालीच्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही उन्हेऱ्याच्या कुंडात उतरत असू," ते म्हणाले, "तेथे पाणी आपले आपण तापून येते. तुमच्या येथे पाणी नळाचे. ते कोण तापविणार?"

हा प्रश्न दादांनी मनावर घेतला आणि हौदास हीटर बसविण्याचे ठरले. त्या दोन महिन्यांत त्या घरी जे जे घडले ते आम्ही जवळून पाहिले. त्यातील काही वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ह्या महिन्यात तोच विषय घेत आहो. घरी स्वतःचा हौद असणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा खाडीकाठची भातखाचरे असलेल्या ह्या भागात आता सोसायटीच्या आवारात तरणतलाव असणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही, आणि डिसेंबर उजाडला की तो तापवावा की नाही ह्यावर कार्यकारिणीच्या सभा रंगतात. हिशेब दोन्हीकडे एकच आहे. फक्त आकडे मोठे होतात.

प्रथम जे विक्रेते आले त्यांनी हौदाकडे एकवार पाहिले, टेकडीवरच्या वाऱ्याकडे पाहिले, बंगल्याकडे अंमळ अधिक वेळ पाहिले आणि एकवीस किलोवॅटचे यंत्र सुचविले. दादांचे मत गॅसकडे झुकत होते, कारण गॅसने पाणी झटपट तापते असे त्यांनी ऐकले होते. आमच्या वहिनी ह्या बोलण्यात नव्हत्या. त्या पुष्कळ वर्षे शाळेत विज्ञान शिकवीत असत. त्यांनी नातवाची एक कोरी वही घेतली, न्हाणीघरातील थर्मामीटर दोरीने बांधून हौदात सोडला आणि सांगितले, "पंधरा दिवस कोणी काही विकत घ्यायचे नाही."

वहीच्या पहिल्या पानावरचा हिशेब शाळकरी आहे. पण विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांत तो आम्हांस कोठेच आढळला नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते. दादांच्या हौदात २१,६०० लिटर पाणी मावते. अर्थात हा हौद एक अंशाने तापविण्यास २५ युनिट उष्णता हवी. तेवीसवरून तीस अंशांवर न्यावयाचे तर १७५ युनिट. ही उष्णता विजेतून येवो, गॅसातून येवो की सूर्यापासून, तीत एका कणाचीही सूट मिळत नाही. ज्या सोसायटीचा तलाव पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद व १.२ मीटर खोल आहे, तिला एका अंशास सुमारे १६७ युनिट लागतील. कार्यकारिणीने हा आकडा सभेपूर्वी फळ्यावर लिहून ठेवावा.

परंतु पाणी एकदा तापविणे हा खर्चाचा लहान भाग होय. खरा खर्च ते तापलेले ठेवण्याचा, आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. वहिनींनी हौदाच्या फरशीवर पाण्याच्या रेषेस शिसपेन्सिलीने खूण केली आणि पहिल्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली. बादली ठेवण्याचे कारण असे की, हौदाची पातळी बादलीइतकीच उतरली तर पाणी वाफ होऊन गेले असे समजावे, आणि हौद अधिक उतरला तर तो कोठे तरी गळतो आहे. दोन्ही सारखीच उतरत होती, दिवसाकाठी पाच मिलिमीटर. पाच मिलिमीटर म्हणजे डोळ्यांस काहीच नव्हे. पण अठरा चौरस मीटरांच्या पृष्ठभागावरून ते नव्वद लिटर पाणी झाले, आणि पाण्याचा एक लिटर वाफ होऊन जाताना आपल्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. नव्वद लिटरांचा हिशेब केला तर दररोज साठ युनिट उष्णता नुसती हवेत उडून जात होती! मातीच्या माठात पाणी गार होते ते ज्या न्यायाने, त्याच न्यायाने हौदही गार होत होता. दिवसा ऊन त्यातील काही परत देई हे खरे. परंतु पाणी तीस अंशांवर नेले की वाफ आणखी वाढणार, आणि टेकडीवरचा वारा ती सारखी पुसून नेऊन नवीन वाफेस जागा करून देणार. भिंतींतून व तळातून जमिनीत जाणारी उष्णता त्या मानाने अगदी थोडी. म्हणजे विक्रेत्याचे एकवीस किलोवॅटचे यंत्र मुख्यतः पारसिक टेकडीची हवा तापविण्यासाठी होते.

म्हणून त्या घरात हीटरच्या आधी आले ते पांघरूण. बुडबुड्यांचे निळे प्लास्टिक मिळते. बुडबुड्यांची बाजू खाली, पाण्याकडे करून ते हौदावर पसरावयाचे. ते पसरल्यावर पेन्सिलीची खूण दिवसेंदिवस जवळजवळ हलेनाशी झाली, आणि प्लास्टिकातून ऊन आत जात असल्यामुळे आठ दिवसांत सकाळचे पाणी तेवीसवरून पंचवीस अंशांवर आले; यंत्र नाही, विजेचा खर्च नाही. उत्तरेच्या बाजूस मेंदीचे कुंपण होते, ते विरळ झाले होते. तेथे बांबूचा तट्ट्या लावून वारा अडविला. दादांनी हे सर्व पाहिले आणि गॅसचा विषय पुन्हा काढला नाही.

गॅसविषयी चार शब्द तरी सांगितलेच पाहिजेत. तो झटपट तापवितो हे खरे, आणि ज्यांना शनिवार-रविवारपुरताच तलाव हवा असतो त्यांस तो सोयीचा वाटतो. पण स्वयंपाकघरापुरत्या दिलेल्या नळावर तो परभारे जोडता येत नाही. गॅस कंपनीस विचारूनच काय ते करावे लागते. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर हे करावयाचे तर दादांचा हौद चार अंश तापविण्यातच अर्ध्याहून अधिक सिलिंडर खलास होईल, आणि तो सिलिंडर स्वयंपाकासाठी आहे, हौदासाठी नव्हे. शिवाय जळालेला वायू बाहेर जाण्यास उघडी जागा हवी. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे माणसे गुदमरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. पंपाची बंद खोली त्याहून निराळी नाही. विजेची साधी कांडी, म्हणजे मोठा गीझरच तो, स्वस्त मिळते व कोठेही बसते. परंतु ती एका युनिटास एकच युनिट उष्णता देते, घरास तीन फेजची जोडणी मागते, आणि महावितरणचा घरगुती दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे महिनाअखेरीस डोळे पांढरे करते.

सूर्य हा खरा उमेदवार. आपल्याकडे हौद गार पडतो तो डिसेंबर-जानेवारीत, आणि आकाश निरभ्र असते तेही त्याच दिवसांत. काळ्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या चटया गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून पसरावयाच्या, गाळणीच्या पंपानेच पाणी त्यांतून फिरवावयाचे आणि गरम झालेले पाणी हौदात सोडावयाचे. ह्यात जळणारे, तुटणारे असे फारसे काही नाही. पण जागा मात्र हौदाच्या निम्म्याहून अधिक, शक्य तर हौदाइतकी लागते. दादांच्या गच्चीवर पाण्याची टाकी, वाळवणाचे दोर आणि काकूंच्या तुळशी ह्यांतून अठरा चौरस मीटर मोकळे निघेनात. काकूंनी तुळशी हलविण्यास साफ नकार दिला. आम्ही त्यांच्याच बाजूचे. ज्यांची गच्ची मोकळी असेल त्यांनी मात्र दुसरा विचार करण्यापूर्वी हा करावा.

उरला हीट पंप. हे नाव ऐकून दबकण्याचे कारण नाही. फ्रिजच्या पाठीमागे हात नेऊन पाहावा, तेथे ऊब लागते. आतील भाजीतून काढलेली उष्णता फ्रिज बाहेर टाकीत असतो. हीट पंप हेच काम उलट हेतूने करतो; अंगणातील हवेतून उष्णता उपसतो आणि ती हौदाच्या पाण्यात टाकतो. वीज खर्च होते ती उपसण्यापुरती. म्हणून विजेच्या एका युनिटात चार-पाच युनिट उष्णता पाण्यास मिळते. ह्यात कोणतीही जादू नाही, आणि कल्पनाही नवी नाही. पुढे लॉर्ड केल्व्हिन ह्या नावाने प्रसिद्धीस आलेले विल्यम थॉमसन ह्यांनी ती १८५२ सालीच मांडली होती. कोळसा परदेशातून आणावा लागणाऱ्या स्वित्झर्लंडने ती मनावर घेतली. झुरिच शहराच्या नगरगृहात १९३८ साली लिम्मत नदीच्या पाण्यातून उष्णता उपसून इमारत उबदार ठेवणारा पंप बसला, आणि त्याच शहरात महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४१ साली उघडलेल्या सार्वजनिक तरणगृहासही असाच पंप होता. जेथे नदीचे पाणी हिवाळ्यात गोठणबिंदूच्या आसपास जाते तेथे हे साधते, तर आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत ते किती सुलभ व्हावे!

येथे एक बारीक गोष्ट आहे. पत्रकात छापलेला पाच पटींचा आकडा हवा २६-२७ अंश आणि दमटपणा ८० टक्के असतानाचा असतो. जानेवारीच्या पहाटे टेकडीवर हवा सोळा-सतरा अंशांवर येते, आणि तेव्हा यंत्राचा पराक्रम बराच उतरतो. दुपारी हवा तीस अंशांच्या घरात असते तेव्हा तो पुन्हा चढतो. म्हणून घड्याळ लावून यंत्र सकाळी अकरा ते दुपारी चार ह्या वेळेतच चालवावे. रात्री चालवून सकाळी ऊन ऊन पाण्यात उतरण्याची हौस महाग पडते. रात्रीचे काम पांघरूण करील. ह्या हिशेबाने वहिनींनी नऊ किलोवॅट उष्णता देणारे लहान यंत्र निवडले. ते एका फेजवर चालते. पाणी पंचविसावरून तीसवर जाण्यास तीन दिवस लागले. पुढे दररोज आठ-नऊ युनिट वीज लागू लागली. पाण्यास लागणाऱ्या भागात टायटॅनियमचे नळकांडे असलेले यंत्रच घ्यावे, कारण क्लोरिन तांब्यास खातो. आणि बाहेरील पेटी व पंखे खाडीच्या खाऱ्या हवेस टिकतील अशा लेपाचे आहेत ना, हे विचारून घ्यावे.

बसविण्याच्या कामी दोन चुका झाल्या. पहिली हसून सोडण्यासारखी होती. कारागिरांनी यंत्र नीटनेटके दिसावे म्हणून पंपाच्या बंद खोलीत बसविले. दोन तासांत खोलीचे शीतगृह झाले, कारण यंत्र आपणच सोडलेली गार हवा पुन्हा पुन्हा ओढून घेत होते, आणि पाणी काही तापेना. त्यास उघड्यावर, भिंतीपासून हातभर पुढे, पंख्यासमोर निदान दोन मीटर मोकळी जागा ठेवून, वीतभर उंच ओट्यावर आणून ठेवल्यावर ते कामास लागले. तळाशी थेंबथेंब पाणी दिसू लागताच दादांनी नळी फुटली म्हणून धावाधाव केली. पण ते हवेतील दव होते; यंत्राच्या थंड पत्र्यावर ते जमतेच. शंका असेल तर ते पाणी क्लोरिन तपासण्याच्या कागदावर घ्यावे. कागद रंगला तर गळती, न रंगला तर दव. नळाची मांडणीही एकदा पाहून ठेवावी: आधी पंप, मग गाळणी, मग हीटर, आणि क्लोरिन सोडण्याची सोय सर्वांच्या शेवटी. ती हीटरच्या आधी आली तर दाट क्लोरिन यंत्राच्या पोटातून जातो. हीटर वगळून पाणी परस्पर फिरावे म्हणून तीन तोट्यांची वेगळी वाट ठेवणे अवश्य आहे, नाहीतर यंत्र दुरुस्तीस गेले की हौदाचे पाणीही हिरवे पडेल.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. नवीन यंत्राबरोबर हौदाच्या सर्व विजेवर गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडणारा, तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवावा असा वहिनींचा आग्रह होता, आणि त्याप्रमाणे तो बसविलाही. पूर्वी तो नव्हता. संध्याकाळी काका टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात येऊन बसले होते, नातवंडे भोवती नाचत होती, आणि स्विच वर केला की तो पुन्हा पडे. चार-पाच वेळा असे झाल्यावर कारागीर म्हणाला, "ताई, हा स्विच फार नाजूक आहे, उगाच पडतो. बाजूला काढून सरळ जोडून देतो, आजोबा खोळंबलेत."

वहिनी म्हणाल्या, "तो पडावा म्हणूनच बसविला आहे. मामंजी, आज पाण्यात उतरायचे नाही. आपण आत चला, गार वारा सुटला आहे."

काका थोडे हिरमुसले, पण उठले. दादांनाही क्षणभर हा हट्टच वाटला, हे त्यांनी मागाहून कबूल केले. दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमनास बोलाविले. त्याने एकेक वस्तू सोडवून पाहिली. हीटर सोडविला तरी स्विच पडे, पंप सोडविला तरी पडे. पाण्याखालचा दिवा सोडविला मात्र आणि स्विच वर राहिला. काठावरची फरशी उचलली तेव्हा खाली तारेच्या जोडाची पेटी पाण्याने भरलेली निघाली. दिवा बारा व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मरमधून जोडलेला असावयास हवा होता. तो थेट घरच्या २३० व्होल्टांवर होता आणि त्यास धड अर्थिंगही नव्हते. चार उन्हाळे त्या दिव्याच्या उजेडात ह्याच घरची मुले रात्री पोहली होती. वायरमनाने हे सांगितले तेव्हा अंगणात कोणी काही बोलले नाही. दादा हौदाच्या काठी बसून होते, आणि वहिनींनी वही मिटून ठेवली.

ज्यांच्या घरी वा सोसायटीत हौद आहे त्यांनी हीटर घ्यावा अथवा घेऊ नये. परंतु हा लेख वाचून होताच एकदा तो स्विच आपल्या येथे आहे का ते पाहावे आणि त्यावरची चाचणीची कळ दाबून तो खरोखर पडतो का हेही पाहावे. विजेचे यंत्र काठापासून निदान साडेतीन मीटर दूर असावे, हीटरची तार स्वतंत्र असावी, आणि पायऱ्यांचे लोखंडी कठडे, शिडी, यंत्राची पेटी ही सर्व एकमेकांस तारेने बांधून अर्थिंगला जोडलेली असावी. हे काम पुस्तक वाचून घरी करावयाचे नव्हे.

पांघरुणाची आम्ही इतकी स्तुती केली, तिला एक पुरवणी जोडणे भाग आहे. बुडबुड्यांचे प्लास्टिक पाण्यावर तरंगते. ते मांजराचाही भार सहन करीत नाही. लहान मूल त्यावर पडले तर ते खाली जाते आणि वरचे प्लास्टिक पुन्हा मिटते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून पोहताना ते अर्धवट गुंडाळून ठेवू नये, संपूर्ण काढावे. आणि हौदाभोवती मुलांस न उघडणारी कडी असलेले, निदान मोठ्या माणसाच्या छातीइतके उंच कुंपण असावे. दादांकडे कुंपण होते, कडी नव्हती. आता आहे.

कोमट पाण्यात जंतूही अधिक सुखाने वाढतात आणि क्लोरिन लवकर संपतो. गार हौदास दोन दिवसांनी जे तपासत होतो ते आता दररोज तपासावे. किती तापवावे, ह्याचाही विचार हवा. जोराने पोहणाऱ्यास २५ ते २८ अंश पुरतात. शर्यतींचे तलाव त्याच मर्यादेत ठेवतात. वृद्धांस व लहान मुलांस तीस-एकतीस बरे. त्याहून ऊन पाण्यात हृदयविकाराच्या माणसाने वा गर्भवतीने डॉक्टरांस विचारल्यावाचून उतरू नये. पहिल्या आठवड्यात काकांनी "अजून एक अंश, अजून एक अंश" असा तगादा लावला होता. वहिनींनी प्रत्येक अंशाचे पंचवीस युनिट त्यांस वहीत दाखविले, तेव्हा थांबले.

कित्येक वाचक म्हणतील की, एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसाठी एवढा हौद, एवढी वीज? आम्हीही तसे म्हटले होते. नव्या मुंबईचे पाणी मोरबे धरणातून येते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्या धरणाची पातळी वर्तमानपत्रात वाचीत असताना घरचा हौद डोळ्यांसमोर आला तर मनास टोचावे, हे योग्यच आहे. जेथे हौद नाही तेथे गुडघ्यांसाठी हौद बांधा असे आम्ही कोणास सांगणार नाही. शेजारच्या सोसायटीने आपला तलाव दुपारच्या दोन तासांसाठी वृद्धांस मोकळा केला आणि तेवढ्यापुरता तापविला, तर पाच-पन्नास जणांचे काम एका यंत्रात होईल. तसे कोणी करीत असल्यास आम्हांस कळवावे, आम्ही ते येथे आनंदाने छापू. परंतु जेथे हौद आहेच तेथे पांघरुणाने दिवसाचे नव्वद लिटर, म्हणजे महिन्याचे सत्तावीसशे लिटर पाणी वाचते, हीटर घ्या वा न घ्या.

हीटर चालू झाल्यापासून काका दररोज दुपारी चारच्या ठोक्यास, यंत्र बंद झाले की पाण्यात उतरू लागले. प्रथम कठड्यास धरून चालत. माघ संपता संपता कठडा सोडला. पाण्यातून त्यांचे बोलणेही चालू असे. उन्हेऱ्याच्या कुंडाइतकी ह्या पाण्यास मजा नाही, गंधकाचा वासच नाही, असे ते रोज एकदा तरी म्हणत. होळीच्या सुमारास पाणी उन्हानेच एकोणतीस अंशांवर राहू लागले. तेव्हा वहिनींनी घड्याळ काढून टाकले, तोटी फिरवून पाण्याची वाट बदलली, यंत्रातील पाणी काढून त्यावर ताडपत्री बांधली आणि वहीत शेवटचा आकडा लिहिला. वही गाळणीशेजारच्या खुंटीस टांगलेली आहे. मार्गशीर्षात ती पुन्हा उतरेल.